अमेरिकेतील जनमत आणि नाहीसा होणारा स्थानिक वार्ताहर

मा. संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतील राजकारणाविषयी आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या व लेख येत असतात आणि ते यायलाच हवेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, आणि वॉशिंग्टनमधल्या निर्णयांचा हिशेब गोव्यातही मांडला जाऊ लागला; मासळीच्या निर्यातदारांनी तो मांडला, तसा मुलांना उच्च शिक्षणासाठी तिकडे पाठवणाऱ्या आईवडिलांनीही मांडला. मात्र या चर्चेत एक विधान फार सहजपणे केले जाते आणि अधूनमधून छापूनही येते. ते असे की, अमेरिकन मतदार माध्यमांच्या पुरता कह्यात गेला आहे. वाहिन्या सांगतात तसा तो विचार करतो आणि मत देतो. हे निदान मला अपुरे वाटते. तिथल्या अनुभवावरून आपण आपल्याकडच्या दुखण्याचा अंदाज बांधणार असू, तर निदान नीट असलेले बरे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी कात्री लावावीच लागली, तर बेल या अमेरिकन शहराविषयीचा पुढचा मजकूर तेवढा राखावा, ही विनंती.

वृत्तपत्रे सांगतील तसे अमेरिकन मतदार वागत असते, तर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९३६ मध्ये पुन्हा निवडून आलेच नसते. त्या वर्षी देशातील बहुसंख्य वृत्तपत्रांचे अग्रलेख त्यांच्या विरोधात होते. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते काढले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार नव्हती, त्याचे मत त्या गठ्ठ्यात येणार कुठून? १९४८ मध्येही तेच घडले. बहुतेक वृत्तपत्रे रिपब्लिकन उमेदवार ड्यूई यांच्या बाजूने होती, 'शिकागो ट्रिब्यून'ने तर त्यांच्या विजयाचा मथळा छापून अंक बाजारात पाठवला, आणि निवडून आले ट्रुमन.

मग माध्यमांचा प्रभाव नसतोच का? असतो; पण तो कुठे पडतो आणि कसा पडतो, हे पाहावे लागते. कोलंबिया विद्यापीठाचे पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी १९४० मध्ये ओहायो राज्यातील ईरी परगण्यात जाऊन राहिले आणि मे ते नोव्हेंबर या काळात त्यांनी सुमारे ६०० मतदारांच्या पुन्हापुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचार ऐकून पक्ष बदलणारे लोक त्यांना फारच थोडे सापडले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते, आणि ज्यांचे मत हलले त्यांच्यावर रेडिओपेक्षा घरातल्या, शेजारच्या किंवा कामावरच्या एखाद्या जाणत्या माणसाचा प्रभाव अधिक पडला होता. तो जाणता माणूस मात्र वर्तमानपत्र वाचणारा आणि रेडिओ ऐकणारा होता. पुढे १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी नॉर्थ कॅरोलिनातील चॅपेल हिल येथे, मत पक्के न झालेल्या १०० मतदारांना देशापुढचे मोठे प्रश्न कोणते असे विचारले आणि त्यांची उत्तरे तिथे पोहोचणाऱ्या बातम्यांशी ताडून पाहिली. बातम्यांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, तेच प्रश्न मतदारांच्या लेखीही मोठे होते. उमेदवार मतदारानेच निवडला होता. पण कोणत्या प्रश्नावर त्याला पारखायचे, हे बऱ्याच अंशी बातम्यांनी ठरवले होते.

या दोन अभ्यासांना एक तिसरा जोडतो, कारण तो गोव्यासारख्या लहान मतदारसंघांच्या राज्यात फार उपयोगाचा आहे. फॉक्स न्यूज ही उजव्या विचारांकडे झुकलेली वाहिनी ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली, पण सगळ्या गावांत एकदम पोहोचली नाही; केबलवाल्यांनी ती जशी घेतली तशी ती पसरत गेली. स्टेफानो देलाविन्या आणि ईथन कॅप्लन या अर्थतज्ज्ञांनी २००० सालापर्यंत ती पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या गावांतल्या मतदानाची तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, वाहिनी पोहोचलेल्या गावांत रिपब्लिकन पक्षाची मते ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढली. आकडा अगदी किरकोळ वाटतो. पण त्याच निवडणुकीत फ्लोरिडातील सुमारे ६० लाख मतांमध्ये रिपब्लिकन उमेदवार बुश यांची आघाडी ५३७ मतांची होती आणि त्या आघाडीने अध्यक्षपद ठरवले. आपल्याकडे २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी लागला. म्हणजे शंभर माणसांतल्या नव्याण्णवांवर एखाद्या वाहिनीचा काहीही परिणाम झाला नाही, तरी उरलेला एक माणूस सरकार बदलू शकतो. 'जनता भारावलेली आहे' असे म्हणून आपण त्या नव्याण्णवांचा अकारण अपमान करतो आणि त्या एकाकडे आपले लक्षच जात नाही.

अमेरिकेतील आजच्या कटुतेचे खापर अनेकजण १९८७ मधल्या एका निर्णयावर फोडतात. १९४९ पासून तिथल्या रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना, सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांवर बोलताना दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन होते. १९८७ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने ते काढून टाकले. त्याच्या थोडेच आधी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते बंधन कायद्यात आणण्यासाठी विधेयक मंजूर केले होते, परंतु अध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकतर्फी राजकीय कार्यक्रम देशभरच्या रेडिओ केंद्रांवर सुरू झाला आणि त्याच्या वाटेने पुष्कळजण गेले. या निर्णयाचा परिणाम झाला हे खरेच. पण ते बंधन सरकारी परवान्यावर हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांपुरते होते, वर्तमानपत्रांना आणि केबलवरच्या वाहिन्यांना ते लागूच नव्हते. त्यामुळे तो नियम परत आणला की सगळे सुरळीत होईल, ही आशा फोल आहे.

प्रभाव केवळ वाहिनीकडून प्रेक्षकाकडे जात नाही. तो उलट दिशेनेही वाहतो, आणि मला ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री ॲरिझोना राज्य बायडेन जिंकणार, असे फॉक्सच्या निकाल कक्षाने इतरांच्या आधी जाहीर केले. ते बरोबर ठरले. बायडेन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. पण वाहिनीचा नेहमीचा प्रेक्षक या खऱ्या बातमीवर संतापला आणि अधिक कडव्या वाहिन्यांकडे वळू लागला. त्यानंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्सच्या पडद्यावर येत राहिले. यंत्रे पुरवणाऱ्या डोमिनियन कंपनीने बदनामीचा दावा लावला, आणि न्यायालयात दाखल झालेल्या अंतर्गत संदेशांतून उघड झाले की, वाहिनीच्या कित्येक निवेदकांचा आणि अधिकाऱ्यांचा त्या दाव्यांवर स्वतःचाच विश्वास नव्हता; त्यांना काळजी होती ती प्रेक्षक निघून जाण्याची. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. अमेरिकेत १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून सार्वजनिक व्यक्तींच्या बदनामीचे दावे जिंकणे फार कठीण झाले आहे. खोटे आहे हे ठाऊक असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापले, हे सिद्ध करावे लागते. त्या देशात एवढी रक्कम मोजावी लागली, यावरून कागदपत्रे किती बोलकी होती ते कळते. प्रेक्षकाला अप्रिय असलेले खरे सांगण्याची किंमत त्या वाहिनीला एका रात्रीत कळली आणि तिने ती पुन्हा मोजली नाही. मालक हुकूम सोडतो आणि निवेदक बोलतो, एवढ्या सरळ चित्रात हे सारे बसत नाही. प्रेक्षकाला जे हवे ते पुरवण्याचा हा धंदा डाव्या बाजूच्या वाहिन्यांनाही चुकलेला नाही.

आता बेलविषयी. लॉस एंजेलिस परगण्यातील हे छोटेसे शहर, वस्ती ३५ हजारांच्या आसपास, बहुतेक कष्टकरी आणि बरेचसे लॅटिन अमेरिकेतून आलेले. २००५ मध्ये तिथे एक खास मतदान घेण्यात आले. शहराला स्वतःची सनद असावी का, एवढाच प्रश्न होता. चारशेही लोक मतदानाला आले नाहीत. प्रस्ताव संमत झाला आणि त्याबरोबर नगरसेवकांच्या मानधनावर राज्याने घातलेली मर्यादा त्या शहरापुरती उठली. पुढची पाच वर्षे काय चालले होते ते जुलै २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने उघडकीला आणले. नगर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचा पगार वर्षाला ७,८७,६३७ डॉलर होता, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ४ लाख डॉलर पगाराच्या जवळजवळ दुप्पट. पोलीस प्रमुखांना साडेचार लाखांहून अधिक मिळत होते आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक एक लाखाच्या घरात पैसे घेत होते. त्या गरीब वस्तीवर मालमत्ता कराचा बोजा मात्र मोठा होता. वृत्तपत्राला २०११ मध्ये लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २०१४ मध्ये रिझो यांना १२ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

यातले सगळेच चोरून चालले नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे. नगरपालिकेच्या बैठका भरत होत्या, ठराव होत होते, कागद दप्तरात लागत होते. त्या बैठकांना नेमाने येऊन मागच्या बाकावर बसणारा आणि 'हा आकडा कसला?' असे विचारणारा वार्ताहर तेवढा कुणाकडे उरला नव्हता. 'टाइम्स'चे प्रतिनिधीही शेजारच्या मेवूड शहराच्या कारभाराची चौकशी करता करता बेलपर्यंत पोहोचले. ज्या देशात अध्यक्षांच्या प्रत्येक वाक्यावर दिवसभर चर्चा झडते, त्या देशात एका शहराच्या तिजोरीकडे पाच वर्षे कुणी वाकून पाहिले नाही.

आणि बेल हे एकटेदुकटे शहर राहिलेले नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयाच्या पाहणीनुसार २००५ पासून अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आणि २०० हून अधिक परगण्यांत स्थानिक बातमी देणारे काहीही शिल्लक नाही. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, कर्जबाजारी वृत्तपत्रसमूह गुंतवणूक निधींनी विकत घेतले आणि खर्च कमी करायचा म्हणून आधी वार्ताहर काढले. २०२१ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ची मालक कंपनीही अशाच एका निधीकडे गेली. स्थानिक टीव्ही केंद्रांची कथा वेगळी नाही. २०१८ मध्ये सिंक्लेअर समूहाच्या देशभरातील केंद्रांवरच्या निवेदकांनी खोट्या बातम्यांपासून सावध राहण्याचे एकच निवेदन शब्दशः वाचून दाखवले. प्रत्येक गावातल्या प्रेक्षकाला वाटले की आपला ओळखीचा निवेदक मनातले बोलतो आहे. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारण महामंडळाचा १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला. १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेवर ग्रामीण भागातील लहान रेडिओ केंद्रे सर्वाधिक अवलंबून होती.

याचा मतदानाशी संबंध काय, असे कुणी विचारेल. पूर्वी अनेक अमेरिकन मतदार अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि सिनेटसाठी दुसऱ्या पक्षाला मत देत. माणूस बघून मत देण्याची ती रीत होती. जोशुआ डार, मॅथ्यू हिट आणि जोआना डनवे या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, जिथे स्थानिक वृत्तपत्र बंद पडते तिथे असे विभागून दिलेले मत कमी होते. कारण उघड आहे. आपल्या भागातल्या उमेदवाराने पाच वर्षांत काय केले हे सांगणारे कुणीच नसेल, तर मतदाराच्या हाती पक्षाचे चिन्ह आणि रात्रीच्या वाहिनीवरचे भांडण एवढेच उरते. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकनांचा वृत्तमाध्यमांवर विश्वास होता, तो २०२५ मध्ये २८ टक्क्यांवर आला. जो पत्रकार कधी दिसत नाही, कधी भेटत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या आधारावर?

गोमंतकीयांना जनमताची ताकद पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने पडली. त्या काळात 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरोधात लिहीत होता. दोन्ही मराठी दैनिके होती. गोव्यातील मराठी वाचकापुढे दोन्ही बाजू त्याच्याच भाषेत, पूर्ण ताकदीने मांडल्या जात होत्या आणि त्या मांडणारी माणसे याच मातीतली होती. त्या निकालाविषयी आजही मतभेद असू शकतात. पण वाचकाला न विचारता दुसऱ्याच कुणी बाहेरून त्याचे मत घडवले, असे त्या कौलाविषयी म्हणता येणार नाही.

आज मात्र मला आपल्याकडे बेलची चिन्हे दिसतात. गोव्यात १९१ पंचायती आहेत. नगर नियोजन कायद्याखाली कुठल्या गावातल्या किती चौरस मीटर जमिनीचे रूपांतर होणार, याच्या सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपात छापून येतात. सर्व्हे क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते. पण ती जागा म्हणजे कुठली खाजन शेती, कुठला डोंगरउतार, कुणाच्या विहिरीच्या वरचा भाग, हे त्या चौकटीत कळत नाही. ते तिथे जाऊन पाहणारा वार्ताहरच सांगू शकतो. ग्रामसभेत लोक त्यावर तावातावाने बोलतात, कधी रात्रीपर्यंत बसतात. आणि दुसऱ्या दिवशी अंकात 'ग्रामसभा वादळी' एवढा मथळा आणि चार ओळी येतात, नाहीतर कुणीतरी मोबाईलवर घेतलेली अर्ध्या मिनिटाची बाचाबाची गावभर फिरते. वादळ कशावरून झाले, ठराव काय झाला, सचिवाने तो इतिवृत्तात कसा नोंदवला, हे गावाबाहेर कुणालाच कळत नाही. ज्यांना हे कळू द्यायचे नाही, त्यांची त्यामुळे आयतीच सोय होते.

तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे किती तुटपुंजे मानधन मिळते आणि त्यातले पेट्रोलमध्ये किती जाते, याची मला कल्पना आहे. जाहिरातीही तोच आणतो. सरकारी जाहिरातींवर गोव्यातील वृत्तपत्रांचा किती भार आहे, हेही वाचकांना दिसते. म्हणून ही जबाबदारी एकट्या संपादकांवर टाकणे न्याय्य नाही. अंकाची किंमत दोन रुपयांनी वाढली की कुरकुर करणारे आणि मोबाईलवर आलेली पीडीएफ फुकट वाचणारे आम्ही वाचकही त्यात आलो. तालुक्याच्या वार्ताहराला पूर्ण पगार देण्यासाठी अंक महाग करावा लागला, तर मी तो आनंदाने घेईन आणि माझ्यासारखे आणखीही वाचक निघतील, अशी माझी खात्री आहे.

आपल्याकडे दोनच मागण्या आहेत. अमेरिकेच्या बातम्या छापताना ती घटनास्थळाहून आलेली बातमी आहे की एखाद्या निवेदकाचे किंवा समाजमाध्यमावरचे मत आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे. तिथल्या वाहिन्यांवरची भांडणे बातमी म्हणून आपल्या पहिल्या पानावर येऊ नयेत. आणि येत्या ग्रामसभांच्या रविवारी निदान प्रत्येक तालुक्यातील एका पंचायतीत आपला वार्ताहर शेवटपर्यंत बसलेला असावा. जमीन रूपांतरावरचा ठराव शब्दशः छापावा, कोणत्या पंचाने पाठिंबा दिला आणि कोणी विरोध केला हे नावानिशी द्यावे, आणि तीन महिन्यांनी त्या ठरावाचे पुढे काय झाले, ते त्याच वार्ताहराकडून त्याच पानावर पुन्हा लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
फोंडा, गोवा